रांगेत कोण उभे होते? स्वमग्नतेच्या निदानाची किंमत आणि तिचा इतिहास

१/
ऑक्टोबर १९३८. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातून एक दांपत्य आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन हजारेक मैलांवरच्या बाल्टिमोर शहरात आले. मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. वडील येल विद्यापीठात कायदा शिकलेले वकील. आईच्या माहेरच्यांची गावात बँक. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना त्यांना भेटायचे होते. भेटीपूर्वीच वडिलांनी कॅनरना मुलाविषयी पत्र पाठवले होते. टंकलिखित, ३३ पानांचे.

२/
स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, निदानाचा इतिहास बहुतेक ठिकाणी या पत्रापासून सुरू होतो. मुलाला स्तोत्रे तोंडपाठ होती. गोल वस्तू गरगर फिरवण्यात तो तासन्‌तास रमे. घरात कोण आले, कोण गेले, याची त्याला दखल नसे. आईवडिलांना पाहूनही चेहरा उजळत नसे. एकटा असला की मात्र तो सर्वांत सुखी दिसे. वर्षभर तो एका सरकारी संस्थेत ठेवलेला होता. आईवडिलांनी त्याला तिथून परत आणले आणि मगच बाल्टिमोरची वाट धरली.

३/
पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, कॅनर यांनी ‘द नर्व्हस चाइल्ड’ या नियतकालिकात आपला गाजलेला लेख लिहिला. त्यात ११ मुले होती: ८ मुलगे, ३ मुली. पहिले प्रकरण डोनाल्डचे. लक्षणांचे वर्णन इतके नेमके होते की आजचा तज्ज्ञही ते ओळखेल. अडचण लेखाच्या शेवटाकडे आहे. तिथे कॅनर मुलांकडून पालकांकडे वळतात.

४/
अकरा वडिलांपैकी चार मनोविकारतज्ज्ञ. उरलेल्यांत वकील, वनस्पतिरोगशास्त्रज्ञ, वनशास्त्राचा प्राध्यापक, खाण अभियंता. अकरा मातांपैकी नऊ पदवीधर. तीन कुटुंबे सोडता बाकी सगळ्यांची नावे अमेरिकेतील नामवंतांच्या किंवा शास्त्रज्ञांच्या चरित्रकोशांत आढळणारी. ही सारी माणसे बुद्धिमान खरी, पण मायेने उबदार अशी त्यांत फारच थोडी, असे कॅनर यांनी नोंदवले. मुलांचे हे वेगळेपण जन्मजात असावे, असेही त्याच लेखात म्हटलेले आहे. जगाने मात्र पालकांविषयीचे वाक्य उचलले.

५/
महामंदीच्या झळा अजून सोसणाऱ्या मिसिसिपीत ३३ पाने टंकलिखित करून देशातल्या अग्रगण्य बालमनोविकारतज्ज्ञाला पाठवणे आणि मग रेल्वेने तिथवर जाणे किती कुटुंबांना शक्य होते? कापसाच्या शेतात खंडाने राबणाऱ्याच्या घरी असे मूल जन्मले असेल, तर त्याची नोंद कुठे झाली असेल? दवाखान्याच्या दारापर्यंत जी माणसे पोचली, त्यांचेच गुणदोष त्या स्थितीचे गुणदोष ठरले. स्वमग्नतेच्या इतिहासातील ही सर्वांत महागात पडलेली चूक आहे. आज इंग्लंडमध्ये पैसे भरून होणाऱ्या खासगी निदानाविषयी जो वाद चालला आहे, त्यात तीच चूक नव्या वेषात परतली आहे, हे या धाग्याचे म्हणणे.

६/
थोडे शब्दाविषयी. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवलेला. तो त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. मराठीतील ‘स्वमग्न’ त्याच वाटेने आलेला, पण मूळ शब्दाहून सौम्य. मग्न असण्यात दोष नाही, इतके तरी मराठीने मान्य केले. याच लक्षणांच्या मुलांचे सविस्तर वर्णन ग्रून्या सुखारेवा या डॉक्टर स्त्रीने मॉस्कोत १९२५ मध्येच केले होते. इंग्रजी जगाला त्याची नीट ओळख होण्यास सात दशके लागली.

७/
कॅनर यांच्या वाक्याचे पुढे काय झाले ते वाचवत नाही. ‘शीतकपाटासारख्या थंड माता’ ही कल्पना त्यातून रुजली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने तिला घराघरांत नेले. मूल बोलत नाही, कारण आईने त्याला मनातून नाकारले आहे, असे दोन पिढ्यांच्या स्त्रियांना तोंडावर सांगण्यात आले. उपचार मुलाचे राहिले बाजूला, आईचेच मनोविश्लेषण होऊ लागले.

८/
या मताला पहिला मोठा धक्का दिला बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ च्या आपल्या ग्रंथात. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात उभे राहून पालकांना निर्दोष ठरवले. सव्वीस वर्षांनी.

९/
पण आईवर दोष ठेवणे थांबले, तरी ‘हा सुशिक्षितांच्याच घरचा प्रकार’ ही समजूत गेली नाही. ती मोडण्याचे श्रेय लंडनमधील दोन स्त्रियांना जाते: लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड. विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांची मुलगी सूझी स्वमग्न होती. १९६२ मध्ये पालकांनी मिळून जी संस्था स्थापन केली, आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. संस्थेच्या सभांना येणारे पालक कोणत्या थरातले आहेत, हे त्यांना समोरच दिसत असणार.

१०/
त्यांनी केलेली गोष्ट ऐकायला साधी, करायला जिकिरीची. दवाखान्यात कोण येते याची वाट पाहायचीच नाही. दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल हा भाग निवडायचा, तिथल्या १५ वर्षांखालील सुमारे ३५,००० मुलांमधून आरोग्य, शिक्षण व समाजकल्याण खात्यांच्या नोंदींत असलेले प्रत्येक मूल शोधायचे आणि स्वतः जाऊन पाहायचे. (त्यापूर्वी व्हिक्टर लॉटर यांनी मिडलसेक्स परगण्यातील ८ ते १० वर्षांच्या ७८,००० मुलांची अशीच छाननी करून दर दहा हजारांत साडेचार हा आकडा काढला होता. १९६६ चे हे काम पायाभूत आहे आणि त्याची आठवण कमी काढली जाते.)

११/
१९७९ मध्ये निष्कर्ष आले. कॅनर यांच्या चौकटीत काटेकोर बसणारी मुले दहा हजारांत पाचच्या आत. पण माणसांशी वागणे, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत तशाच अडचणी असलेली मुले धरली, तर दहा हजारांत २१. म्हणजे चौपटीहून अधिक. ही मुले तिथेच होती. त्यांच्यावर दुसरी नावे चिकटवलेली होती.

१२/
नंतर १९८० मध्ये विंग यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त एक छोटा लेख लिहिला. प्रश्न एकच: बालपणीची स्वमग्नता आणि सामाजिक वर्ग यांचा संबंध खरा, की निवडीचा परिणाम? कॅम्बरवेलच्या मुलांचे वडील व्यवसायाने आसपासच्या इतर लोकांसारखेच निघाले. मात्र ज्यांची मुले स्वमग्नतेच्या खास दवाखान्यापर्यंत पोचली होती किंवा जे पालकसंघटनेचे सभासद झाले होते, ते वडील वरच्या वर्गातले होते.

१३/
स्थिती सगळ्या थरांत होती. निदान एका थरात होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा नवा वाटू नये. दप्तरात ज्याचे कागद उरले त्याचाच इतिहास लिहिला जातो, हे तो पहिल्या वर्षी शिकतो. विंग यांनी हीच शंका दवाखान्याच्या दप्तरावर घेतली, एवढेच. तरी असा लेख ३७ वर्षे आधी कुणी लिहिला नाही, याचे आश्चर्य वाटत राहते.

१४/
आता आजच्या इंग्लंडकडे. तिथे २००९ मध्ये प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी स्वतंत्र कायदा झाला. ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०११ मध्ये मुलांसाठी आणि २०१२ मध्ये प्रौढांसाठी निदानाची मार्गदर्शिका काढली. मुलाला तज्ज्ञांकडे पाठवल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूल्यमापन सुरू व्हावे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात २०२४ च्या मध्यास स्वमग्नतेच्या शंकेने सरकारी आरोग्यसेवेकडे पाठवलेल्या आणि अजून मोकळ्या न झालेल्या नोंदी दोन लाखांच्या वर गेल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी प्रतीक्षा महिन्यांत मोजण्याजोगी उरलेली नाही.

१५/
मुलाच्या आयुष्यात दोन-तीन वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पाचव्या वर्षी रांगेत लावलेले मूल आठव्या वर्षी पुढे येते. तोवर वर्गात ते ‘हट्टी’ ठरलेले असते, शाळेतून घरी पाठवले गेलेले असते. म्हणून पालक खासगी तज्ज्ञांचे दार ठोठावतात. प्रौढांचेही तसेच: नोकरी टिकत नाही, घरात कुणाला समजत नाही, आणि रांग हलत नाही.

१६/
या दाराची किंमत साधारण दीड ते तीन हजार पौंड. तुलनेसाठी: एप्रिल २०२४ पासून २१ वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन ताशी ११.४४ पौंड होते. आठवड्याला साडेसदतीस तास धरले, तर करापूर्वीचे महिन्याचे वेतन सुमारे १,८६० पौंड. म्हणजे महिनाभर न खाता, भाडे न भरता, एका मुलाचे निदान.

१७/
तेवढ्या पैशांत नेमके काय मिळते? चांगल्या ठिकाणी एकाहून अधिक तज्ज्ञ असतात: मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-भाषातज्ज्ञ. एक भाग प्रत्यक्ष निरीक्षणाचा. त्यासाठी ‘एडॉस’ ही ठरीव पद्धत बहुधा वापरतात. त्यात खेळ, गप्पा, शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगणे असे प्रसंग रचलेले असतात आणि व्यक्ती त्यांना कशी सामोरी जाते ते टिपले जाते. रक्ततपासणी नाही, क्ष-किरण नाही. स्वमग्नता दाखवणारे यंत्र अजून निघालेले नाही.

१८/
दुसरा भाग इतिहासाचा, आणि या धाग्याच्या वाचकांनी इथे थोडे थांबावे. लक्षणे बालपणापासून होती, हे दाखवावे लागते. ‘एडीआय-आर’ नावाच्या सविस्तर मुलाखतीत आईवडिलांना प्रामुख्याने मुलाच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास काय काय घडत होते ते विचारतात. शाळेची प्रगतिपुस्तके पाहतात. जुन्या नोंदी, छायाचित्रे, शिक्षकांचे शेरे. साधनग्रंथ, मौखिक साक्ष, समकालीन पुरावा आणि मागाहून आठवलेले यांतला फरक: सारी इतिहासलेखनाचीच पद्धत. डोनाल्डच्या वडिलांचे ते पत्र म्हणजे या प्रकारचे पहिले मोठे साधन.

१९/
म्हणूनच प्रौढांचे निदान अधिक बिकट असते. एखादी स्त्री पन्नाशीत निदानासाठी येते. आई हयात नाही. प्रगतिपुस्तके घर बदलताना गेली. ज्या काळात ती लहान होती त्या काळात स्वमग्नता म्हणजे न बोलणारा मुलगा, एवढेच चित्र डॉक्टरांपुढे होते. वर चाळीस वर्षे दुसऱ्यांची नक्कल करून तिने आपले वेगळेपण झाकलेले. अशा वेळी भावंडे, जुनी मैत्रीण, नवरा यांच्या साक्षींवर काम भागवावे लागते. इंग्लंडमधील दवाखान्यांच्या नोंदींवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, पन्नाशीपुढील स्वमग्न व्यक्तींपैकी दहांतील नऊ जणांचे निदान झालेलेच नसावे.

२०/
खासगी निदानावर मुख्य आक्षेप तीन घेतले जातात. पहिला: पैसे देणाऱ्याला हवे ते उत्तर मिळते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्लंडमध्ये नुसते ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव नाही. कुणीही पाटी लावू शकतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद मात्र राखीव आहे आणि त्याची सार्वजनिक नोंदवही आहे. एकट्या माणसाने तासाभराच्या दूरभाष-भेटीत दिलेला अहवाल आणि तीन तज्ज्ञांनी बालपणाचा पुरावा तपासून दिलेला अहवाल यांची किंमत सारखी असू शकते, मोल सारखे नसते. पैसे भरण्यापूर्वी नोंदवहीत नाव पाहणे आणि ‘नाइस’च्या मार्गदर्शिकेनुसार काम होते का हे लेखी विचारणे, एवढे तरी करावेच.

२१/
मात्र ‘खासगी ठिकाणी आलेल्यांपैकी बहुतेकांना होकार मिळतो, म्हणून ते निदान खोटे’ हा युक्तिवाद टिकत नाही. जो माणूस वर्षानुवर्षे वाचून, स्वतःला तपासून, कर्ज काढून येतो, तो रस्त्यावरचा कोणीही नसतो. येणाऱ्यांची चाळणी येण्याआधीच झालेली असते. हा पुन्हा विंग यांचाच प्रश्न: निष्कर्ष स्थितीविषयी आहे, की निवडीविषयी?

२२/
दुसरा आक्षेप रांग ओलांडण्याचा. ज्याच्याकडे पैसे तो पुढे. खरे आहे. पण ही फट पालकांनी पाडलेली नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हाच मोठ्या डॉक्टरांचा विरोध मावळावा म्हणून अन्यूरिन बेवन यांनी सरकारी रुग्णालयांत खासगी खाटा राहू दिल्या. दार पहिल्या दिवसापासून दुहेरी होते. त्यातून आपल्या मुलाला पुढे नेणाऱ्या आईला दोष देणे म्हणजे १९६७ चीच सवय.

२३/
तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत चुकीचा. ‘हे सुखवस्तूंचे फॅड आहे. पाहा ना, निदान कुणाकडे आहे ते!’ वर्तमानपत्रांच्या स्तंभांत हे वाक्य वेगवेगळ्या पोशाखांत येत असते. कॅनर यांनी निदान कुणाकडे आहे ते पाहून पालक थंड आहेत म्हटले. आजचा स्तंभलेखक तेच पाहून पालक चोचले करतात म्हणतो. निष्कर्ष बदलला, पाहण्याची रीत तीच राहिली.

२४/
रांगेबाहेर जाऊन कुणी मोजले आहे का? आहे. ट्रेओल्ख ब्रुघा आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या इंग्लंडमधील घरोघर पाहणीच्या आधारे प्रौढांमधील प्रमाण काढले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारात दहाच्या आसपास. अधिक प्रमाण कुठे? शैक्षणिक पात्रता नसलेल्यांत आणि सरकारी भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांत. यांपैकी बहुतेकांकडे कुणाचे लक्षच गेलेले नव्हते. ज्यांच्या घरी दोन हजार पौंड कधी एकत्र दिसत नाहीत, तेच हे लोक.

२५/
शाळांच्या नोंदींतूनही हेच. इंग्लंडमधील ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सरकारी माहितीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण ५७ मुलांमागे एक स्वमग्न आढळले. कृष्णवर्णीय मुलांत प्रमाण सरासरीहून जास्त होते आणि अशा मुलांच्या घरी आर्थिक विवंचना असण्याचा संभव अधिक होता. सर्वांत कमी नोंद होती रोमा आणि आयरिश भटक्या समाजांच्या मुलांत. ती मुले तशी कमी असतात, असे आता कुणी म्हणू नये. शाळेच्या दप्तरापर्यंत कोण पोचते, हे आधी विचारावे.

२६/
मग सारे सरकारी असते तर प्रश्न मिटला असता? व्हिएन्ना आठवावे. तिथल्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयात १९११ पासून विशेष मुलांसाठी विभाग होता. हान्स आस्पर्गर यांनी १९४४ चा आपला प्रबंध तिथल्या मुलांवरच लिहिला. फी भरू न शकणाऱ्यांचीही मुले तिथे येत. आणि इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवले की, याच आस्पर्गरनी काही मुलांना ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेकडे पाठवले, जिथे नाझी राजवटीत शेकडो मुले मारली गेली. शिक्का सरकारी आहे एवढ्याने तो दयाळू होत नाही. शिक्का मारल्यावर राज्य त्या माणसाचे काय करणार आहे, ते पाहावे लागते.

२७/
आपल्याकडे चित्र उलटे आहे, म्हणून उद्बोधक. भारताच्या १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आली, पण सवलतींच्या दृष्टीने मान्यता पूर्ण झाली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत समावेश झाल्यावर. तोवर अनेक पालकांना ‘मतिमंदत्वा’च्या प्रमाणपत्राचा आडमार्ग घ्यावा लागे. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘इसा’ ही मोजपट्टी वापरली जाते: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, ७० पासून पुढे स्वमग्नता. मुंबई-पुण्यात मूल्यमापन बहुधा खासगीतच होते. सवलतीसाठी मात्र त्या अहवालावर भागत नाही, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्रच लागते. पैसे एका खिडकीवर आणि चकरा दुसऱ्या खिडकीवर.

२८/
इंग्लंडमध्येही खासगी अहवाल सगळीकडे चालतोच असे नाही. काही स्थानिक संस्था आणि सरकारी सेवा तो मान्य करण्यास कां-कूं करतात, विशेषतः एकाच तज्ज्ञाने दिलेला असेल तर. एक गोष्ट मात्र फार पालकांना ठाऊक नसते. शाळेत विशेष साहाय्य मिळावे म्हणून २०१४ च्या कायद्याखाली जी गरजांची तपासणी मागता येते, तिच्यासाठी निदानाची अट नाही. मुलाची गरज पुरते. नोकरीच्या ठिकाणी योग्य बदल मागण्याचा २०१० च्या समता कायद्यातील हक्कही अडचणीच्या स्वरूपावर उभा आहे, अहवालावर नव्हे. शिवाय इंग्लंडपुरती एक तिसरी वाट आहे: सरकारी सेवेशी करार असलेली खासगी संस्था रुग्णाने निवडायची आणि खर्च सरकारने सोसायचा. तिथेही आता रांगा लागल्या आहेत, पण दोन हजार पौंड उभे करण्यापूर्वी ही वाट विचारून घ्यावी.

२९/
कायदा असे सांगतो, आणि शाळा मात्र पहिल्याच भेटीत ‘अहवाल आणला का?’ विचारते. निदानाला बाजारभाव आला तो या प्रश्नामुळे. मदत गरजेवर मिळाली असती, तर अहवालासाठी घर गहाण टाकण्याची वेळ आली नसती. ज्यांना स्वतःला समजून घ्यायचे आहे ते तेवढ्यापुरते आले असते. खासगी दवाखान्यांवर तुटून पडणाऱ्यांनी आधी या फाटकाकडे पाहावे. दवाखाने फाटकाबाहेर बसलेले दुकानदार आहेत. त्यांत सचोटीचे आहेत, लबाडही आहेत. फाटक त्यांनी बांधलेले नाही.

३०/
आणि फाटकाच्या आत गेल्यावर? १९७१ मध्ये कॅनर यांनी आपल्या त्या ११ मुलांचा पुन्हा माग काढला. निदान सगळ्यांचे झालेले होते, तेही जगातील सर्वांत जाणत्या माणसाच्या हातून. तरी ज्यांची रवानगी मोठ्या सरकारी संस्थांत झाली, त्यांची तिथे बहुतांशी वाताहत झाली, असे कॅनर यांनी स्वतः लिहिले. डोनाल्ड काही वर्षे गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्या घराने त्याच्या मोजण्याच्या नादाला मक्याच्या ओळी मोजायला दिल्या.

३१/
पुढे तो पदवीधर झाला, फॉरेस्टमधल्या बँकेत कामाला लागला, गोल्फ खेळायला शिकला, एकट्याने देशोदेशी हिंडून आला. गावाने त्याच्या लकबी आपल्याशा केल्या होत्या. २०२३ च्या जून महिन्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्याच गावात त्याचे निधन झाले.